इस्त्रीवाला काय म्हणाला

यादोराव मोहिते कुवेतहून आले
ते अम्मानच्या तंबूत वीस दिवस काढून.
एक बॅग. त्यात दोन पाने, एक पकड,
आणि बनियनमध्ये गुंडाळलेली कॅसेट.
"लोक परदेशातून सोनं आणतात," काकू म्हणाल्या,
"आमच्यांनी तमाशा आणला."

परदेशीपुऱ्यात, आमच्या गल्लीत,
व्हीसीआर वर्गणीनं यायचा, रात्रीपुरता,
सेवेच्या पुड्या ज्याच्या त्यानं आणायच्या.
पडद्यावर एक गल्ली, आमच्याहून काही बरी नाही:
जिन्यात सायकल, दोरीवर कोणाचा तरी लेंगा,
उधारी भिंतीवर खडूनं लिहिणारा कहवावाला,
गच्चीवर कोंबड्या पाळणारी विधवा,
आणि खाली लांब मानेचा इस्त्रीवाला.
त्याचं तिच्यावर मन आहे
हे कळायला भाषा लागत नव्हती.

बाकी सगळं यादोराव सांगायचे.
टीव्हीशेजारी उभे, माझी फुटपट्टी हातात.
"हा म्हणून राहिला, भाडं पुढच्या महिन्यात.
तो म्हणून राहिला, तुझा पुढचा महिना
कोणत्या साली येतो, तेवढं सांग."
टेपमधली माणसं हसायची,
मग अर्ध्या श्वासानं आम्ही.

शफी ड्रायव्हर एकदा म्हणाला,
"भिया, तो तर दोनच शब्द बोलला."
"अरबीत दाबून भरलेलं असतं," यादोराव म्हणाले,
"कचोरीसारखं."
शफी लहानपणी मदरशात गेलेला.
तो हसला, आणि सरकून
बन्सीच्या पोराला बसायला जागा दिली.

पुढच्या वर्षी हुकुमचंदचा भोंगा थांबला.
बाबा तरी सकाळी डबा मागायचे,
आई भरून द्यायची,
ते ओट्यावर बसून आठाच्या आत संपवायचे
आणि रिकामा डबा घेऊन
दुपारपर्यंत कुठेतरी जायचे.

त्या रविवारी पुन्हा तीच कॅसेट.
विधवेच्या तोंडावरून आता पांढऱ्या रेघा जायच्या.
शेवटच्या प्रसंगात इस्त्रीवाला जिन्यावर बसतो, वर बघतो,
काहीतरी म्हणतो.
वर्षभर तो म्हणत आला होता की कोळसा महागलाय.
त्या रात्री यादोराव थोडे थांबले,
फुटपट्टी खाली केली.
"तो म्हणून राहिला, बाई,
उद्या भोंगा वाजेल. कपडे तयार ठेवा."

टेप खदाखदा हसली.
गल्लीत कोणी हललं नाही.
मागच्या रविवारी तो दुसरं म्हणाला होता
हे आम्हा पोरांनाही ठाऊक होतं,
आणि आम्हीही गप्प बसलो.
बाबा उठून नळाकडे गेले. नळाला पाणी नव्हतं.
कॅसेट तिथंच संपायची.

मिलच्या थकबाकीचे पैसे आले
तेव्हा बाबांच्या फोटोची चौकटसुद्धा जुनी झाली होती.
आईनं त्यातून दात बसवले, पत्रे बदलले,
आणि मला मोठ्या काचेचा फोन.
एका रात्री त्यावर ती गल्ली सापडली,
रेघा नाहीत, लेंगा चक्क निळा,
खाली इंग्रजी अक्षरं.

यादोरावांचं एक वाक्य जुळेल तर शपथ.
कहवावाला भाडेकरू नव्हता, मेहुणा होता.
जिन्यावरचा इस्त्रीवाला म्हणत होता,
"तुमची कोंबडी माझ्या सदऱ्यावर बसलीय.
उठवू, की तिलाही इस्त्री करू?"

आई शेजारी येऊन बसली, चष्म्याशिवाय.
"थांब, आता तो भोंग्याचं बोलेल," म्हणाली,
आणि त्याच्या ओठांबरोबर
तिनं ते पूर्ण वाक्य म्हटलं.
बरोबर बसलं. एक अक्षर सांडलं नाही.
फोन हसला.
"हसता काय मेल्यांनो," आई त्याला म्हणाली.

मग मला विचारलं,
"ठेवले का गं तिनं कपडे तयार?"

पुढचे अकरा भाग आहेत.
मी अक्षरांवर अंगठा ठेवला.
"तो म्हणून राहिला," मी म्हटलं,
आणि थोडी थांबले.