अशार

अशारची हाळी पहाटेच फिरली होती.
मी मुद्दाम उशिरा निघालो.
कानिमबूबूच्या नवऱ्याशी
पाटाच्या पाण्यावरून अकरा वर्षं अबोला,
आणि मार्चमध्ये तो गेला
तेव्हाही मी फाटकातूनच परतलो होतो.

नारीनच्या काठी खड्डा,
त्यात माती, पेंढा,
गुडघाभर चिखलात अर्धं गाव.
ओरमोन मास्तर विजार दुमडून.
दोन पोरं घोड्यावर बसून
चिखल तुडवतोय म्हणत
नुसती गोल गोल फिरणारी.
कुठे होतास, कुणी विचारलं नाही.
साइकाल म्हातारीनं
माझ्या बुटांकडे तेवढं पाहिलं.
काढले.

दुपारी पाणी कमी पडलं.
पाट माझ्याच शेतातून येतो.
फळी उचलायला गेलो तर
फुगून घट्ट बसलेली,
खांदा लावावा लागला, शिवी द्यावी लागली.
मी पोचायच्या आधी
पाणी खड्ड्याशी पोचलेलं.

विटा उन्हात ओळीनं मांडल्या.
थंडी पडायला सहा आठवडे.

कानिमबूबूनं खारट चहाचा पियाला
दोन्ही हातांनी पुढे केला.
"खिडकी कुठल्या अंगाला ठेवू?"
पाटाकडून गार वारा येतो, मी म्हणालो.

तिनं तिकडेच ठेवली.