खाजणकर, मु. पो. खाजणे

मी घाटावरची. आडनाव भोईटे.
त्यात गाव नाही, वाट नाही, समुद्र तर नाहीच.
बदली होऊन आले तेव्हा पहिल्याच थैलीत
एकवीस पत्रं, आणि एकवीसही खाजणकरांची.
त्यातल्या चौघांची नावंसुद्धा एकच.

लवू पोस्टमनने ती पत्त्यांसारखी पिसली.
'ह्या बर्फवाल्याचा. बाकीची माका द्येवा.'
बर्फवाले म्हणजे धक्क्यावरची खाजणकर आइस फॅक्टरी,
अमोनियाचा वास, गंजका निळा पत्रा,
पावतीवर छापलेला पापलेट.
मालक गाबीत.
मशिदीमागे अब्दुल गनी खाजणकरांचं घर,
ते कुवेतला, त्यांच्या कुलपाला मात्र दर महिन्याला विजेचं बिल.
बौद्धवाडीतल्या सुगंधा खाजणकर तालुक्यातल्या पहिल्या नर्स,
हे मला त्यांच्या पेन्शनच्या पासबुकाने सांगितलं,
गावाने नाही.
शाळेत संगमरवरी पाटी आहे बॅरिस्टर खाजणकरांची:
देणगी आली, ते आले नाहीत.
आणि मुंबईत कुठेशी म्हणे खाजणकर मार्ग आहे,
दोन दुकानांइतका लांब.
कोणत्या खाजणकरांचा, यावर सलूनमध्ये
दोनदा हाणामारी झाली. वस्तरा मध्ये पडला म्हणून थांबली.

पण वर्षभर कान देऊन ऐकलं,
गावात कुणी कुणाला खाजणकर म्हणत नाही.
इथे सगळे फणसाखालचे, साकवापलीकडले,
कोंडीतले, आणि एक घर नुसतंच 'थंयचे'.

मग श्रावणात ते पाकीट आलं.
मॉरिशसचं तिकीट, त्यावर कसलासा पक्षी,
पत्ता एवढाच: खाजणकर, खाजणे, हिंदुस्थान.
पाठवणाराही खाजणकर.
नियमाप्रमाणे परत धाडायचं.
मी तीन दिवस वजनाच्या काट्याखाली ठेवलं.
चौथ्या दिवशी मास्तरांनी सगळ्यांदेखत वाचलं:
आमचे पणजोबा गलबतातून आले, ऊस तोडला,
मागे एवढा एकच शब्द ठेवला.
मला त्याचा अर्थ कळवाल का?

बर्फवाले म्हणाले, आमचाच असणार, गलबत म्हणतोय.
मशिदीकडून कुणी म्हणालं, गलबतं आमची होती.
सुगंधाबाई हसल्या. ऊस तोडला म्हणतोय ना, मग आमचाच.
जागेवर हक्क सांगायला भांडतात, तसेच सगळे
एका न पाहिलेल्या माणसासाठी भांडले.

गुणवंती म्हातारी पायरीवर तिसऱ्या मोजत होती.
मान वर न करता म्हणाली,
'आमी खंयचे खाजणकर? आमी हंयच आसंव.
जो भायर ग्येलो, तो खाजणकर.'

त्या संध्याकाळी मी खाजणाच्या बांधापर्यंत गेले.
भरती लागली होती. शेत की खाडी, ठरत नव्हतं;
एक बगळा दोन्ही धरून उभा होता.

उत्तर मला लिहिता आलं नाही.
कोरा कागद घेतला, तारखेचा शिक्का उचलला
आणि मधोमध ठोकला.
शाई सुकली होती. पहिल्यांदा अर्धंच उमटलं.
दुसऱ्यांदा जोर लावला:
खाजणे.
पुढे काही नाही.
'कर' त्याच्याकडे आहेच.