मोजणी बरोबर

तारीख चौदा, दुपारचे तीन-दहा,
खाली सही.
हॅलोरन वकील कागद माझ्याकडे सरकवतात :
"मिसेस टेर्वो, हे अक्षर तुमचंच ना?"
माझंच.

खिडकीखाली डुलूथचं बंदर गोठलेलं.
लोहखनिजाची जहाजं मार्चपर्यंत धक्क्याला बांधून.

आम्ही मोठ्यानं मोजतो, दोघी, एका सुरात,
पाढे म्हणावेत तसं.
पाचाचा गठ्ठा, असे सहा.
रक्तानं भिजली की गॉजची घडी घडीला चिकटते,
ती सोडवून मोजायची असते.
तीनला शिफ्ट बदलते.
लोरेनचं मन केव्हाच पार्किंगमध्ये,
काचेवरचा बर्फ खरवडत.
"एकोणतीस," मी म्हणाले.
"तीस," ती म्हणाली,
आणि मला ते पटलं,
कारण पटायला हवं होतं.

हे मी सांगितलं नाही. विचारलंच नाही कुणी.
विचारलं एवढंच, नियम काय होता.
नियम मला तोंडपाठ आहे.

टेबलापलीकडे व्हर्ना लिंडक्विस्ट.
शाळेची बस चालवते, सत्तावीस नंबरची.
सहा वर्षं डॉक्टर म्हणत राहिले : गॅस, वय, वजन.
ती म्हणत राहिली,
ब्रेक दाबला की आत कोणीतरी कूस बदलतं.
मग एक्स-रेत सापडला गॉजमधला निळा दोरा,
तिथं पांढरा,
पोरानं पाटीवर ओढून
मध्येच कंटाळून सोडलेली रेघ.

आता वादही मोजण्याचाच.
मुदत धरायची ऑपरेशनच्या दिवसापासून
की सापडल्या दिवसापासून?
कापून टाकलेल्या आतड्याचे
इंचामागे किती?
हॉस्पिटलचा वकील आवाज मऊ करतो,
माणूस आहे, चूक व्हायचीच.

चूक पोटात घालावी म्हणतात.
घातली आम्ही.
तिच्या.
तिला न विचारता.

मधल्या सुटीत कॉफीच्या यंत्रापाशी
आम्ही दोघीच. तिच्या तळहातावर चिल्लर.
"जरा बघता का, पुरतील?
चष्मा आतच राहिलाय."
मी कोण ते तिला दिसलं नसावं.
मी मोजले.
पुन्हा मोजले.
तिसऱ्यांदा सुरुवात केली
तेव्हा तिनं मूठ मिटली.
"राहू दे," म्हणाली.