बासष्ट टक्के

हडर्सफील्डचं पाणी मऊ. इतकं मऊ
की हाताचा साबण धुऊन जाता जात नाही.
या पाण्यानं गावानं लोकर धुतली,
मी त्यात जव भिजवतो,
दर दुसऱ्या शनिवारी,
मोड आणून वाळवलेले, साडेपाच किलो,
चिमूटभर जिप्सम टाकून,
कारण मऊपणाला थोडी धार लागते.

वहीत अकरा वेळचे आकडे आहेत.
साठ. बासष्ट. पुन्हा बासष्ट. एकदा अठ्ठावन्न,
त्या दिवशी फोन आला आणि ढवळायचं राहिलं.
दाण्यात होती तेवढ्यातली बासष्ट टक्के साखर
माझ्या पातेल्यात उतरली.
बाकीची का नाही उतरली
याचा जाब दाण्याला कोण विचारणार?

कामावर विचारतात.
गोदामात मनगटावर एक यंत्र असतं,
किती खोकी, किती पावलं, किती वेळ उभा,
तासाला माझा आकडा काढतं
आणि नव्वदच्या खाली गेलो की थरथरतं.
शनिवारी तिथे नुसता फिकट पट्टा असतो.

चूक भरडीत होती.
दुकानातून भरडून आलेले दाणे, निम्मे अख्खेच,
पोट न फुटलेले.
पाणी बाहेरून हात फिरवून परत येत होतं.
मी हाताची चक्की आणली,
दोन रुळांमधली फट बँकेच्या कार्डाहून कमी केली,
लापशीचा रवा असतो ना, तेवढी.
एवढं बारीक करू नका म्हणतात, गाळताना तुंबतं.
पण माझ्याकडे पिशवी आहे.

पिशवी एनिडनं शिवली, शेजारच्या.
वय एक्क्याऐंशी, लग्नाआधी गिरणीत होती,
ताग्यातले तुटलेले धागे सुईनं जोडायची.
पडद्याचं विरविरीत कापड उजेडाकडे धरलं,
म्हणाली, यातून पीठ नाही जायचं, लव्ह,
आणि चारही शिवणी दुहेरी मारल्या.

सदुसष्ट अंश. पातेल्याला स्लीपिंग बॅग गुंडाळलेली.
दर पंधरा मिनिटांनी तळापासून ढवळायचं,
गुठळी दिसली की चमच्यानं फोडायची,
आत कोरडं पांढरं पीठ, अजून काही न कळलेलं.
तासानं बशीत एक थेंब, त्यावर आयोडीन:
काळंनिळं. म्हणजे अजून नाही.
आणखी अर्धा तास.
मग तांबूसच राहिलं, तेव्हा उचललं.

या घरांत छताला कपडे वाळवायची कप्पी असते.
दोर पिशवीच्या कानांत घातला आणि ओढला.
चक्का टांगावा तशी लोंबकळली,
पण धो धो गळणारी, वाफाळती, वजनानं कुरकुरणारी.
वरून चार लिटर गरम पाणी, हळू, तांब्यानं.
मग रबरी मोजे चढवून पिळायला घेतलं.
पिळू नये, तुरट होते, असंही ऐकलं होतं.
एनिड दारात उभी होती. म्हणाली,
ओला कपडा कुणी न पिळता सोडतं का?

अठ्ठ्याहत्तर.
दोनदा मोजलं, निववून.
मी तिला आकडा ओरडून सांगितला,
तिला उजव्या कानानं कमी येतं.

मग उरलेले बावीस?

पिशवीत आहेत, म्हटलं. डेनिसच्या कोंबड्यांना.

तिनं हात घालून मूठभर भरड घेतली,
वास घेतला, जिभेवर एक दाणा ठेवला.
आम्हाला ताग्यावर पैसे मिळायचे, म्हणाली.
एकदा मी एकाच ताग्यावर अख्खा दिवस घालवला,
राखाडी, बारीक विणीचा.
मुकादम उलट्या बाजूनं शोधत बसला,
कुठे जोडलंय ते सापडेना,
म्हणून जास्तच चिडला.
तो कोट असेल अजून कुणाच्या तरी अंगावर.

उकळी यायला अर्धा तास होता.
मी वहीत लिहिलं: अठ्ठ्याहत्तर.
त्याखाली दुसरं काही लिहायला रकाना नव्हता,
म्हणून समासात लिहिलं:
एनिडच्या मुठीतली भरड अजून कोमट होती,
आणि तिनं ती परत टाकली नाही,
घरी नेली.