येते

खालचे भाडेकरू रायपूरला गेले तेव्हा
ट्रकमध्ये कूलरचा मोडका स्टँडसुद्धा मावला,
ही नाही मावली.
दोन दिवस गेटाशी बसून होती.
पट्ट्याला एक घुंगरू,
रंग पोह्यांवर ओतलेल्या तर्रीचा.
म्हणून तर्री. आधीचं नाव तिनं सांगितलं नाही.

मी बर्डीवर चष्म्याच्या दुकानात, दहा ते आठ.
पहिल्याच आठवड्यात दाराची चौकट खालून कुरतडली,
नखातून रक्त, फरशीवर लघवी,
आणि माझी एकच चप्पल, डावी.
वरच्या ढोमणेबाई म्हणाल्या,
"बाप्पा, कुलूप लागलं का सुरूच होते वो हे!
लाडावून ठेवली. द्या दोन, सुधरते."
दोन नाही, एकच दिली.
ती कान पाडून कोपऱ्यात सरकली.
मला वाटलं, समजली चूक.

"चूकबिक काही नाही समजली," डॉक्टर खोब्रागडे म्हणाले,
"तुमचा चेहरा समजला.
ही खोड नाही हो ताई, ही भीती आहे.
दार लागलं की हिच्यापुरतं
माणूस संपतं."

मग आमची शाळा सुरू झाली.
चावी उचलायची आणि जायचं नाही.
चावी कमरेला खोचून मी वांगी चिरली,
चपला घालून बातम्या पाहिल्या,
पर्स खांद्याला लावून गादीवर पडले.
तर्री आधी दर खेपेला उठायची,
मग एक डोळा उघडायची,
मग तोही नाही.

तोवर घरी एकटं ठेवायचंच नाही, असं सांगितलेलं.
म्हणून निनावे शेठना विचारून
महिनाभर काउंटरखाली बसवली.
डोळे तपासायला आलेली माणसं
फळ्यावरची अक्षरं सोडून तिच्याकडे बघायची.

मग दार.
तीन सेकंद. पाच. परत तीन.
मे महिन्यात जिन्याच्या तापलेल्या पायरीवर बसून
मी मनातल्या मनात मोजत होते,
चाळीस, एकशे दहा,
आणि शेजारी कुकरची शिट्टी झाली,
आत रडणं सुरू,
दुसऱ्या दिवशी पुन्हा वीसपासून.
ढोमणेबाई जिना उतरताना थांबल्या.
"स्वतःच्याच घराबाहेर कायले बसल्या वो?"
मी बोट ओठांवर ठेवलं.
त्याही बसल्या. दोघी मिळून साठपर्यंत मोजलं.

सगळ्यात अवघड मात्र सेकंद नव्हते.
डॉक्टर म्हणाले, निघताना काही बोलू नका.
आता आमच्यात जाते म्हणत नाहीत.
बाजारात निघा, परदेशी निघा,
उंबऱ्यावर शब्द एकच: येते.
मेडिकलमध्ये ऑपरेशनला नेताना
आईसुद्धा स्ट्रेचरवरून तेच म्हणाली,
साडीचा काठ सारखा करून, भाजीला निघाल्यासारखी.
मी बाकावर रात्रभर बसले होते
त्या एका शब्दाला धरून.

तर्रीला या शब्दाशी काही देणंघेणं नाही.
तिला आवाजातली ओल कळते फक्त,
आणि आवाज ओला झाला की
ती दाराकडे धावते.
म्हणून मी तोंड मिटून निघते.
न धुतलेली ओढणी तिच्या गादीवर,
कूलर चालू, पाण्याची टपटप,
रबरी खेळण्यात कोंबलेला दहीभात.
वळून पाहायचं नाही. हे तिच्यासाठी की माझ्यासाठी
ते विचारायचं राहिलं.

आज सव्वीस मिनिटं झाली.
मी चौकातल्या टपरीवर, चहावर साय धरलेली,
फोनच्या कॅमेऱ्यात ती.
उठली. दारापाशी गेली, फटीला नाक लावलं.
माझा हात पर्सवर.
मग ती गोल फिरली, दोनदा,
हनुवटी ओढणीवर टेकली,
आणि एक मोठा उसासा,
घुंगरू जरा वाजलं असेल, इथून ऐकू आलं नाही.

ती झोपली.
मी अजून दर मिनिटाला फोन उघडते आहे.