एवढी दरड सोडून

वहीचं पहिलं पान माझ्याच अक्षरात आहे.
वर 'नदीकाठ सुधारणा, आमणापूर',
खाली यादी:
बाकडी सहा, दिवे बारा,
पेव्हर ब्लॉक पाणवठ्यापासून मोटारींच्या खोल्यांपर्यंत,
दरडीला दगडी पिचिंग,
आणि फोटोसाठी गावाचं नाव, चार फुटी अक्षरांत.
बैठक सोसायटीच्या हॉलमध्ये होती.
तिथली खिडकी उसाकडं उघडते.

पहिला रविवार. सतरा माणसं, नऊ खोरी.
पुरानं करंजांवर टांगलेलं उतरवायचं होतं:
साड्या, युरियाची पोती, ठिबकच्या नळ्यांची वेटोळी,
एक दप्तर,
आणि दोन पुरुष उंचीवर, फांदीच्या बेचक्यात,
कुणाच्या तरी देव्हाऱ्यातला फोटो. काच शाबूत.
बाबालाल मुल्लानं तो उतरवला, शर्टानं पुसला,
संध्याकाळी घरोघर विचारत फिरला.
कुणाचाच नव्हता. वरच्या कुठल्या गावाचा असेल.
अजून त्याच्या रिवाइंडिंगच्या दुकानात आहे,
तांब्याच्या तारेच्या बंडलांशेजारी.
अधूनमधून तो त्याच्यावरची धूळ झटकतो.

पद्मण्णा चौगुले नाहीच म्हणाले.
त्यांचा ऊस थेट पाण्यात पाय सोडून बसलेला.
"हद्द कुठंय, दाखवा."
आम्ही नकाशा आणला. नकाशात हद्द होती,
नदी मात्र तिथं नव्हती,
ती केव्हाच वीस पावलं त्यांच्याकडं सरकली होती.
पुढच्या भाद्रपदात, पाणी उतरताना,
एका रात्रीत तीन सऱ्या गेल्या.
सकाळी आले, वही मागितली, स्वतः लिहिलं:
'पाच सऱ्या सोडल्या. वाळा लावा.'
सही. आणि सहीखाली, बारीक: 'नाइलाजाने'.
तो शब्द मी खोडलेला नाही.

दगडाच्या गाड्या फाल्गुनात आल्या.
यल्लूबाई कोळी होडीत होती.
काठाला आलीच नाही, तिथनंच ओरडली,
"आवं, दारं बुजवताय व्हय लोकांची?"
कुठले लोक? कसली दारं?
तिनं आम्हा चौघांना होडीत घेतलं, मध्यावर नेलं,
आणि वल्ही वर काढून गप्प बसली.

दोन वर्षं काठावर राबत होतो,
काठ समोरून कधी बघितला नव्हता.
भोकंच भोकं. मूठ जाईल एवढी.
एकातनं निळं काही सुटलं,
पाण्याला ओरखडा काढून परत आलं,
चोचीत मासळी आडवी.
वरच्या अंगाला वेड्या राघूंची ये-जा,
एक आत, एक दारात, एक तारेवर वाट बघत.
मुल्लाचा पोरगा मोजत होता. त्रेचाळीसला चुकला,
पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला.

ठेकेदार म्हणाला, मधलं सोडलं तर बिल निघत नाही.
कुणी म्हणालं, पाखरांपायी गाव वाहून जाऊ दे काय.
ते काही चुकीचं नव्हतं.
रात्री एकपर्यंत बैठक चालली, यावेळी पाणवठ्यावर,
डास चावत होते, चहा दोनदा झाला.
ठराव मंजूर झाला की सगळे दमले,
हे मला आजही सांगता येणार नाही.
सकाळी दोरी चौगुल्यांनीच धरली.
दुसरं टोक धरायला कुणी पुढं येईना,
म्हणून मी धरलं.

बाकडी दोन झाली. दिवे नाहीत.
चार फुटी अक्षरांतला 'आ' तेवढा तयार झाला होता,
तो बाबालालच्या दुकानाबाहेर उभा आहे,
त्याच्या कान्यावर टॉवेल वाळतो.
वाळा निम्मा जगला.
यंदा पाणी कुठवर येईल, माहीत नाही.

वहीत नोंद आहे: 'पिचिंग पूर्ण. अकरा वाव सोडून.'
तपासणीला आलेला तरुण इंजिनिअर
तिथं बोट ठेवून विचारतो,
वाव म्हणजे नक्की किती?
आम्ही हात पसरून दाखवतो.