तक्रार निकाली

आघाडा तोडताना हात जरा आत गेला
आणि कोपरापर्यंत पेटला.
पंचवटीच्या अंगानं टेकडी चढताना
खाणीच्या अलीकडे ओघळ लागतो, तिथे
पत्रीच्या एकवीस नावांत नसलेली
खाजोटी
कमरेएवढी, लवदार, निवांत उभी.

रात्री हाताला खोबरेल चोळत
मी पालिकेकडे तक्रार टाकली:
सार्वजनिक वाट. ज्येष्ठ नागरिक. त्वरित उपटावी.
(आम्ही लिहितो ते व्यवस्थितच लिहितो.)

चौथ्या दिवशी शेवंता पोळेकर आल्या,
उद्यान खातं, हातात विळा, पायात मुलाचे बूट.
जागा दाखवायला मी गेले.
त्यांनी विळ्याच्या टोकानं एक पान उलटं केलं
आणि थांबल्या.

खाली सुरवंट. एक, मग अकरा.
काळे-पिवळे, नारिंगी ठिपक्यांचे,
आमची चाहूल लागताच सगळे एकदम
डोकी झटकायला लागले,
पंगतीत आग्रहाला नको नको म्हणावं तसे,
आणि खात मात्र होते.
माझा हात जिथे भाजला
तिथेच, कडेकडेनं, जेवण चाललेलं.

"आमच्याकडं पानशेतच्या वर लई," बाई म्हणाल्या,
"गुरं बी तोंड लावत न्हाईत. आनि ही बघा बारकी."
मग दोन पावलं सरकून
पलीकडची घाणेरी कापली, भारा दीड भारा,
तिचा फोटो काढला,
आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या,
"हाताला पिशवी बांधून येत जावा."

संध्याकाळी मोबाईलवर आलं:
आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.
समाधानी आहात का? एक ते पाच.
मी काही दाबलं नाही.

नवरात्र सरता सरता
जिन्यात, मीटरच्या वरच्या दिव्यापाशी
एक पतंग बसला होता, वाळल्या पानाच्या रंगाचा.
भाटवडेकरांचा मुलगा केरसुणी घेऊन आला.
थांब, म्हटलं.
फुंकर घातली तर त्यानं पुढचे पंख जरा सरकवले,
आत निळं होतं,
दौतीच्या तळाशी सुकून राहतं ना, तसं.

तोच असेल असं नाही.
पुण्यात दिव्यावर येणारे पुष्कळ.
पण माझ्या कोपराला, नेमकी तेव्हाच,
खाज सुटली.